लाल पट्टीचा घोळ

आठवडी बाजारात एखादा माणूस जुना कंगवा उचलतो, अंगठ्यानं खसाखसा घासतो आणि नाकाला लावून हुंगतो. अशा माणसाला लोकांनी काय समजावं? पुलगावच्या बाजारात लोकांनी मला काय काय समजलं आहे! एका बाईनं तर मला पाहून आपल्या पोराला मागे ओढलं होतं. माझा इलाज नव्हता. सेल्युलॉइड ओळखायची तेवढीच एक साधी रीत मला येत होती. घासून गरम केलं की त्याला कापराचा वास येतो, साध्या प्लास्टिकला येत नाही. एका गिटारच्या पायी मी असे कंगवे, चष्म्याच्या काड्या, शाईच्या पेनांची टोपणं आणि बाहुल्यांचे हातपाय हुंगत दोन जिल्हे फिरलो. एवढं फिरून जे सापडायचं ते सापडलं की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

माझं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर होतं. वडील भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे. पेटी बिघडली की दुसऱ्याकडे न्यायला पैसे नसायचे, म्हणून ते स्वतःच उघडून बसायचे. त्यातून ते कारागीर झाले आणि त्यांच्या शेजारी बसून मी झालो. दुकानात मुख्य काम पेट्यांचं. त्याखालोखाल बेंजो, म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते तारांचं वाद्य, जे आमच्याकडच्या प्रत्येक गाणाऱ्या पार्टीत असतं. गिटारी फार कमी. गावातल्या दारूगोळ्याच्या लष्करी डेपोतले जवान आणायचे, चर्चमधली मंडळी आणायची, आणि ऑर्केस्ट्रावाले आणायचे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका भजनी मंडळाची पेटी उघडली, तर आत उंदरीण व्यालेली. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "हे तर गणपतीचं वाहन हाये. पिल्लं मोठी होऊ द्या, मग करजा दुरुस्ती." पेटी तशीच उघडी ठेवून मी पिल्लं मोठी व्हायची वाट पाहिली. दुसरे एक गायक. त्यांच्या पेटीचा एक सूर भुणभुणायचा. तो मी खपून साफ केला. चार दिवसांनी गृहस्थ तोंड पाडून परत आले. "भाऊ, तो भुणभुण आवाज कुठं गेला? त्याच्याबिगर मले माझी जागाच सापडून नाई राह्यली." मग मी तो सूर पुन्हा बिघडवून दिला. बिघडवणं हे दुरुस्तीपेक्षा अवघड काम निघालं, कारण त्यांना अगदी पूर्वीचीच भुणभुण हवी होती. त्या दिवशी मी खूप हसलो होतो. पुढे वसंतरावांची गिटार आली आणि माझं हसू बंद झालं.

गिटार घेऊन आला तो त्यांचा मुलगा प्रकाश. आर्वीला त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान. खिळे, कुलपं, पाइप, मोटारपंपाचे सुटे भाग. वसंतरावांनी मात्र दुकानापेक्षा ऑर्केस्ट्राच जास्त सांभाळला. गणपतीत, नवरात्रात, लग्नांत त्यांची गिटार वर्धेपासून यवतमाळपर्यंत वाजायची. प्रकाशनं पेटारा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आई गेल्यापासून बाबानं गिटार उघडलीच नव्हती. आता उघडली, तर पट्टीचा पार भुगा झालेला. पट्टी नाई तर वाजवत नाई म्हणते. जेवते अन् खाटेवर बसून राह्यते. तुमी पट्टी बसवून द्या भाऊ. वाजवतीन तरी."

मी पेटारा उघडला. आंबट, कापूर कुजल्यासारखा भपकारा आला.

ही गिटार आपण नेहमी पाहतो तशी नव्हती. नेहमीच्या गिटारचं पोट सपाट असतं आणि मधोमध गोल भोक असतं. हिचं पोट उपड्या परातीसारखं फुगीर, जाड फळी कोरून काढलेलं, आणि दोन बाजूंना व्हायोलिनला असतात तशी वळणदार भोकं. जर्मनीची असावी किंवा त्या बाजूची. आतली चिठ्ठी कसरीनं खाल्ली होती. वसंतरावांनी तरुणपणी ती नागपूरच्या एका हॉटेलच्या बॅंडवाल्याकडून घेतली होती. असल्या गिटारला तारांच्या बाजूला एक पट्टी असते. नखी लागून लाकडावर ओरखडे पडू नयेत म्हणून. इंग्रजीत पिकगार्ड म्हणतात, आमच्याकडे सगळे पट्टीच म्हणायचे. सपाट गिटारला ती लाकडावर चिकटवलेली असते. हिला मात्र ती एका पितळी टेकूवर अधांतरी उभी असते, आणि वाजवणारा तिच्यावर करंगळी टेकवून हात स्थिर ठेवतो. वसंतरावांचा हात सगळी हयात त्या पट्टीवर टेकलेला. पट्टी गेली म्हणजे त्यांच्या हाताखालची जमीनच गेली.

पट्टीचा भुगा का झाला, तेही सांगतो. सेल्युलॉइड म्हणजे मुळात कापूस. कापसावर तेजाबाची प्रक्रिया करून त्यात कापूर कालवतात. कापसाच्या मुलखात जन्म काढून ही गोष्ट मला चाळिशीनंतर कळली. डेपोत काम करणारा माझा एक मित्र दुकानात चहाला यायचा. त्याला हे सांगितलं, तर तो खुर्ची मागे सारून म्हणाला, "म्हणजे बारुदीचं चुलत भावंडच झालं ना हे! अन् तू त्याच्याजवळ बिडी पिऊन राह्यला?" तर हे सेल्युलॉइड जुनं झालं की आजारी पडतं. घाम येतो, आंबट वाफ सोडतं, त्या वाफेनं शेजारच्या तारा गंजतात, टेकूला हिरवं चढतं, आणि एक दिवस बत्ताशासारखं फुटून जातं. मी पेटाऱ्यातले तुकडे गोळा करून फिल्मच्या रिकाम्या डबीत भरले. तुकडे वरून लालसर, काकवीच्या रंगाचे, आणि खालून पिवळट होते. मला जरा नवल वाटलं. उन्हानं रंग उडतो तो वरचा. इथं खालचाच कसा उडाला? वाफेनं खाल्ला असेल, असं म्हणून मी डबीचं झाकण लावलं. सगळा घोळ त्या झाकणाखाली होता, पण मला तेव्हा ते कुठं ठाऊक!

नवी प्लास्टिकची पट्टी कापून देणं अर्ध्या दिवसाचं काम. तशी एक बसवून दिलीही. वसंतराव स्वतः एस.टी.नं दुकानात आले. उंच, सडपातळ, पांढरा लेंगा-शर्ट, नखं काळजीनं कापलेली. पट्टीवर करंगळी ठेवली आणि लगेच उचलली.

"ही नाई चालणार भाऊ. परकी वाटते. मले पहिल्यासारखी पाह्यजे."

"पहिली कशी होती?"

"लाल. पण लाल म्हणजे एकदम लाल नाई. गुळाचा पाक असते ना, उजेडात धरला की कसा दिसते, तसी."

मी प्रकाशला विचारलं. तो म्हणाला, "काळी होती जी." त्यांच्या ऑर्केस्ट्रात अगदी सुरुवातीला ड्रम वाजवणारे एक गृहस्थ वर्ध्यात होते. पुढे नोकरी लागल्यावर त्यांनी वाजवणं सोडलं होतं. त्यांना गाठलं, तर ते छातीठोकपणे म्हणाले, "पांढुरकी होती. लोण्यावानी." त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू होता, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी जुना फोटो काढून दाखवला. काळापांढरा. त्यात पट्टी फिकट दिसत होती. फ्लॅश पडला असेल, म्हणालो. पुढे गावात सायबर कॅफे आला, तेव्हा प्रकाशनं तिथून तसल्या गिटारचं चित्र छापून आणलं. कॅफेच्या प्रिंटरमधली लाल शाई संपलेली होती. त्या चित्रात गिटार हिरवी होती आणि पट्टी निळसर.

तीन माणसं आणि तीन रंग, वर प्रिंटरचा चौथा. एखाद्या गोष्टीकडे रोज पाहणाऱ्यांनाही ती कशी आहे हे सांगता येऊ नये, याचं मला फार आश्चर्य वाटायचं. पण माझ्याकडे तर डबी होती! पुरावा खिशात. डबीतले तुकडे लाल होते, म्हणजे पट्टी लाल होती. विषय संपला. म्हणून मी लाल सेल्युलॉइडच्या मागे लागलो.

कंगव्यांचा रंग जुळायचा, पण आकार पुरायचा नाही. बॅंड पार्टीच्या जुन्या ड्रमवरचं आवरण मिळालं, ते शिंपल्यासारखं चमकणारं. मग एका मोडक्या अकॉर्डियनवर हवा तसा लाल सेल्युलॉइडचा पत्रा सापडला. मी हरखून गेलो. तो वाकलेला होता. सपाट करायला काय करावं? गरम पाण्यात घालायचं असतं, हे मला नंतर कळलं. मी घरातली इस्त्री घेतली. इस्त्री टेकवली मात्र, भक्कन ज्वाळ उठली, आणि अकॉर्डियनचा पत्रा, टेबलावरची चादर आणि माझी उजवी भुवई एकदमच गेली. डेपोतल्या मित्राची आठवण झाली. बायको, शांता, पाण्याची बादली घेऊन धावत आली. आग विझल्यावर तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग इस्त्रीकडे. "भुवई येईन तुमची परत," ती म्हणाली. "इस्त्री माझ्या माहेरची होती."

शेवटी सिंदी रेल्वे या गावात एका काकांचा पत्ता लागला. ते रेल्वेत नकाशे काढायचे, आता निवृत्त. फेकून देणं हा शब्दच त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी साहेब लोकांच्या बंगल्याच्या लिलावात घेतलेला एक शृंगाराचा ट्रे काढला. कासवाच्या पाठीसारखा, तपकिरी-लाल ठिपक्यांचा. मी घासला, हुंगला. कापूर! रंगही डबीतल्या तुकड्याशी जुळत होता. मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. निघताना त्यांनी मोठा थोरला एक गुण्या हातात ठेवला, नकाशे काढायचा त्रिकोण. "हेबी त्याचंच हाये, घेऊन जा. मी आता कोनते नकाशे काढतो?" तो गुण्या जुना होऊन मधासारखा पिवळट झालेला. मला पिवळ्याचं काय काम? पण नाही म्हणवेना. दुकानात आणून खिळ्याला टांगला आणि विसरलो.

ट्रे मी गरम पाण्यात मऊ केला, फळ्यांमध्ये दाबून सपाट केला, जुन्या पट्टीच्या आकारात बारीक करवतीनं कापला. कडा घासल्या, दंतमंजनानं चकाकी आणली, मग ती चकाकी थोडी मारली, कारण नवं दिसायला नको होतं. मूळ टेकूचं हिरवं काढून तोच परत बसवला. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत ते एक होतं. कुणालाही पैज लावून दाखवावं असं.

पट्टी घेऊन मी आर्वीला गेलो तो नेमका खंडेनवमीचा दिवस. माझ्या ते लक्षातच नव्हतं. आम्ही बौद्ध. हत्यारांना हळदकुंकू लावायची रीत आमच्या घरात वडिलांनीच बंद केली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आम्ही सहकुटुंब नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. त्यामुळे आदल्या दिवशी एक राहिलेलं काम उरकून टाकू, एवढाच माझा हिशोब. प्रकाशच्या घरात मात्र पूजेची गडबड होती. दुकानातला काटा, पाने, पक्कड, मोजपट्टी, प्रकाशची स्कूटर, शिलाई मशीन, सगळं धुऊनपुसून मांडलेलं. प्रकाशची बायको सुनंदा ताट घेऊन एकेका वस्तूला कुंकू लावत होती.

वसंतराव खाटेवर बसले होते. मी गिटार त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी पट्टी उजेडाकडे केली, तिरपी केली, बोट फिरवलं.

"रंग तर तोच हाये," ते म्हणाले.

मी श्वास सोडला.

"पण ही ती नाई."

"अहो, असं कसं? रंग तोच, माल तोच, आकार तोच!"

"ते मलेबी समजून नाई राह्यलं भाऊ. रागावू नका. ही ठिपक्याठिपक्याची हाये. ती अशी नव्हती. ती करंगळीपाशी जास्त लाल होती, अन् कडेले पातळ होत जाये." त्यांनी गिटार बाजूला ठेवली. "जाऊ द्या. माझंच डोकं फिरलं असन. तुमी काऊन एवढी मेहनत करता?"

मला रडू यायचं बाकी होतं. करंगळीपाशी जास्त लाल अशी पट्टी जगातल्या कुठल्या कारखान्यात निघते? प्रकाशनं मान खाली घातली. म्हातारा आता परत खाटेवर बसणार आणि उठणार नाही, हे आम्हा दोघांना दिसत होतं.

तेवढ्यात सुनंदा ताट घेऊन खोलीत आली. "बाबा, गिटारलेबी लावू का? सासूबाई लावत होत्या."

"नको, नको!" वसंतराव एकदम ओरडले. "तुझी सासू दरसाल लावे. दरसाल मी नको म्हणो. कार्यक्रमात कुंकू माखलेली गिटार घेऊन जाऊ का? मग मले स्पिरिटचा बोळा घेऊन पुसत बसा लागे."

"अन् त्या म्हणत, कुंकू पुसू नका, वंगाळ होते," सुनंदा माझ्याकडे वळून म्हणाली. "त्याच्यावरून दरसाल दोघांचं भांडण. सणाच्या दिवशी चूल थंडी."

"भांडणच व्हाचं," वसंतराव म्हणाले. "तिचा अन् गिटारचा छत्तीसचा आकडा होता. सवत म्हणे तिले. वर्षभर हात लावला नाई कधी. मी कार्यक्रमाले निघालो की तोंड फिरवून बसे. अन् त्या एका दिवशी तेवढं मुद्दाम कुंकू, मले त्रास द्यायले."

मी सुनंदाला विचारलं, "कुठं लावायच्या?"

"अजी, पट्टीवरच. लाकडाले लावलं तर बाबा अजून ओरडत. बरोबर जिथं बाबा बोट टेकवतात, तिथं."

मी खिशातून डबी काढली. त्यातला एक जाडसर तुकडा घेतला आणि नखानं मोडला. आतून पिवळा. मधासारखा, लोण्यासारखा पिवळा. लाल फक्त वरचा पापुद्रा. मी दुसरा मोडला. तोही तसाच.

गिऱ्हाइकांच्या पेट्यांवरचं कुंकू मी जन्मभर खरवडत आलो आहे. पण पेटीवरचं कुंकू हे कुंकू म्हणून दिसतं. इथं ते दिसत नव्हतं, कारण ते रंग होऊन बसलं होतं. स्पिरिट लागलं की सेल्युलॉइडचा वरचा थर अंमळ मऊ होतो. बाई कुंकू लावायच्या, वसंतराव स्पिरिटनं पुसायचे. पुसलं असं त्यांना वाटायचं, पण दरवेळी थोडा रंग आत मुरायचा. वर्षानुवर्षं. पिवळ्यावर लाल चढत चढत काकवीचा रंग झाला. ड्रमवाल्यांनी पाहिली ती सुरुवातीची पट्टी, म्हणून त्यांना पांढुरकी आठवत होती. फोटो खरा होता. मोतीबिंदू माझ्याच डोळ्यात होता. खालचा रंग उडालाच नव्हता. वरचा चढला होता. मी सगळं उलटं धरून दोन जिल्हे हुंगत फिरलो होतो.

हे मी त्यांना जमेल तसं सांगितलं. सांगताना मी कारागिरी सांगतोय की दुसरंच काही, हे माझं मलाच कळत नव्हतं.

वसंतरावांनी तुकडे तळहातावर घेतले. उलटे केले, सुलटे केले.

"म्हणजे मूळची पिवळी होती."

"हो."

"अन् हे लाल..." ते थांबले. सुनंदाच्या हातातलं ताट तसंच. "सवत म्हणे ना ती हिले," ते हळूच म्हणाले. "मंग बरोबर माझ्या बोटाखालीच काऊन लावे?"

मी डबी खिशात घातली.

मी माझ्या बाजूनं जे सुचलं ते बोललो. म्हटलं, आता कळलं ना कशी होती ते, पिवळी पट्टी कापतो, रंग चढवून देतो, करंगळीपाशी गडद, कडेला पातळ, एका दिवसात हुबेहूब करून आणतो. मला ते येत होतं. भुणभुणणारा सूर परत बिघडवून देणारा माणूस मी.

"नको," वसंतराव म्हणाले. "पिवळीच द्या. कोरी."

दुकानात परत आलो, तर खिळ्यावर तो गुण्या लटकलेला. मधासारखा पिवळा. इतके दिवस रोज माझ्या डोक्यावर टांगलेला. मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, समजेना. दिवाळीच्या आत मी तो कापून पट्टी केली. खालच्या कडेला गुण्याच्या इंचांच्या काही बारीक रेघा राहिल्या होत्या. त्या घासून काढणार होतो, पण राहू दिल्या. तेवढं तरी खरं खरं दिसू दे, असं वाटलं.

वसंतरावांनी ती पट्टी फार पाहिली नाही. करंगळी टेकवली आणि टेकवूनच ठेवली. मग वाजवायला लागले. बोटं अडखळत होती, तारा नव्या म्हणून उतरत होत्या, मधेच थांबून ते स्वतःवरच चिडत होते. चांगलं वाजत होतं असं मी म्हणणार नाही. प्रकाश मात्र दुकानातलं गिऱ्हाईक सोडून दारात येऊन उभा राहिला आणि तोंडावरून हात फिरवत राहिला.

पुढच्या खंडेनवमीचं मला प्रकाशनं सांगितलं. वसंतरावांनी स्वतःच गिटार पूजेत नेऊन ठेवली. सुनंदानं कुंकू लावलं. मग म्हातारा स्पिरिटचा बोळा घेऊन बसला आणि पुसता पुसता कुरकुर करायला लागला, "किती लावलं हे! कार्यक्रमाले कशी नेऊ?" कार्यक्रम तर कुठलेच उरले नव्हते. सुनंदानंही सासूबाईंसारखंच म्हटलं, "पुसू नका, वंगाळ होते." आणि त्या घरात त्या सणाला पुन्हा एकदा भांडण झालं.

अशी काही वर्षं गेली. मग वसंतरावही गेले. प्रकाश आणि सुनंदा दोघं गिटार घेऊन माझ्याकडे आले. पट्टीवर करंगळीच्या जागी जेमतेम गुलाबी छटा आली होती.

प्रकाश म्हणाला, "भाऊ, आता लाल करून द्या ना पूर्ण. मूळची होती तशी. आठवण म्हणून भिंतीले लावतो."

मूळची म्हणजे कोणती? कारखान्यातून आली ती मूळची, की त्याला आठवते ती? त्याच्या आठवणीतली तर काळी होती. मी सुनंदाकडे पाहिलं.

"रंग नका देऊ," ती म्हणाली. "कुंकू लावायले मी हाये भाऊ. दरसाल लावीन. पण पुसणारं घरात कोणी नाई राह्यलं. यांयले पुसा म्हटलं तर हे म्हणते, मले भेव वाटते." प्रकाश खाली पाहत होता. अपशकुनाला भिणाऱ्या माणसाला मी काय म्हणणार?

आता सांगतो ते धंद्यातल्या लोकांनी मनावर घेऊ नये. सेल्युलॉइडला स्पिरिट लावू नये, कधीच लावू नये. त्यानं ते लवकर मरतं. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे बजावून सांगत आलो. आणि दरवर्षी दसरा झाला, आम्ही नागपूरहून परतलो, की आर्वीहून ती गिटार माझ्याकडे येते. पट्टीवर बरोबर करंगळीच्या जागी कुंकू असतं. मी दुकान बंद केलं, पण ते एक काम ठेवलं आहे. मी, ज्याच्या घरात कुंकवाची डबी नाही, स्पिरिटचा बोळा घेऊन बसतो आणि पुसतो. पुसताना थोडी कुरकुरही करतो, कारण कुरकुर केल्याशिवाय ते काम पुरं होत नाही असं मला वाटतं. शांता स्वयंपाकघरातून विचारते, "कोनासंग बोलून राह्यले जी?"

मी पट्टी जपतोय की मारतोय, हे मला ठरवता येत नाही. मात्र रंग मागच्या वर्षीपेक्षा थोडा गडद झाला आहे.